पॉवर सप्लाय मदरबोर्डला जुळेल का? पुण्यात पीसी असेंबल करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीसी स्वतः जोडणारे, दुकानातून जोडून घेणारे आणि जुन्या मशिनमध्ये नवीन बोर्ड टाकणारे अशा तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पॉवर सप्लायला दुकानात सगळे एसएमपीएसच म्हणतात, म्हणून पुढेही तोच शब्द वापरला आहे.

माझ्या मदरबोर्डला अमुक एसएमपीएस चालेल का, हे कशावरून ठरवायचं?

बोर्ड इंटेलचा आहे की एएमडीचा, चिपसेट बी७६० आहे की बी६५०, याचा एसएमपीएसशी काहीही संबंध नाही. तीनच गोष्टी बघा. बोर्डावर पॉवरची कोणती सॉकेट आहेत आणि एसएमपीएसला तेवढे प्लग आहेत का. १२ व्होल्टच्या लाइनवर एसएमपीएस किती अँपिअर देतो. आणि तो तुमच्या कॅबिनेटमध्ये मावतो का.

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे मानक आणलं, आणि त्यात भर पडत गेली तरी पाया अजून तोच आहे. म्हणून बाजारातला कुठलाही सुटा बोर्ड आणि कुठलाही सुटा एटीएक्स एसएमपीएस बहुतेक वेळा जमतातच. अडचण येते ती 'बहुतेक'च्या बाहेरच्या ठिकाणी. ती ठिकाणं कोणती, ते खाली येईलच.

२४ पिनच्या मोठ्या प्लगमध्ये इतक्या वायरी कशाला?

पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, नारिंगी ३.३ व्होल्ट, काळी ग्राउंड. या चार रंगांतच जवळजवळ सगळा प्लग संपतो. उरलेल्यांत निळी उणे १२ व्होल्टची, तिला आता फारसं काम नाही. मजा आहे ती जांभळी, हिरवी आणि राखाडी या तिघींची.

जांभळीवर ५ व्होल्ट कायम असतात, पीसी बंद असला तरी. एसएमपीएसच्या मागचं बटण चालू केल्याबरोबर बोर्डावरचा बारीक दिवा लागतो तो हिच्यामुळे. तुम्ही पॉवरचं बटण दाबलंत की बोर्ड हिरवी वायर ग्राउंडला जोडतो, म्हणजे एसएमपीएसला 'उठ' म्हणतो. एसएमपीएस उठतो, व्होल्टेज स्थिर झालं की राखाडी वायरीवरून 'सगळं ठीक' असा इशारा परत देतो, आणि त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो. हा इशारा आलाच नाही तर पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच राहते. अशा वेळी लोक रॅम काढून-घालून बेजार होतात.

जुन्या बोर्डाला २० पिनच आहेत. नवीन एसएमपीएस बसेल?

बसेल. २००३ च्या सुमारास ४ पिन वाढल्या, त्यामुळे बऱ्याच एसएमपीएसमध्ये शेवटचे ४ पिन वेगळे सरकवता येतात. ते बाजूला लटकू द्या. उलटं, म्हणजे २० पिनचा जुना एसएमपीएस २४ पिनच्या बोर्डावर, तांत्रिकदृष्ट्या चालू होऊ शकतो. पण २० वर्षं जुना एसएमपीएस नवीन बोर्डाला लावण्यात शहाणपण नाही.

प्रोसेसरजवळ ८ पिनचं सॉकेट आहे आणि माझ्या एसएमपीएसला फक्त ४ पिन आहेत. चालेल का?

चालू होईल, पण प्रोसेसर कोणता ते बघा. आय३-१२१०० सारखा प्रोसेसर पूर्ण जोरात ८९ वॅटपर्यंत जातो. ४ पिनच्या प्लगमध्ये दोन पिवळ्या वायरी असतात, त्या एवढं ओढू शकतात. पण आय७-१४७००के २५३ वॅटपर्यंत जातो. तिथे ४ पिन लावलेत तर प्लग गरम होईल, प्लॅस्टिक पिवळं पडेल आणि एके दिवशी वास येईल.

याच्या उलट प्रश्नही येतो: महागड्या बोर्डावर ८ अधिक ४ किंवा ८ अधिक ८ अशी दोन सॉकेट असतात आणि एसएमपीएसला एकच ८ पिनची केबल असते. घाबरू नका. एका ८ पिनमधून साधारण ३०० वॅट आरामात जातात. दुसरं सॉकेट ओव्हरक्लॉकिंगवाल्यांसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणाऱ्यांसाठी आहे, ते रिकामं ठेवलं तरी चालतं. तेवढ्यासाठी मोलेक्सपासून (जुन्या हार्डडिस्कच्या प्लगपासून) ४ पिन करणारा अडॅप्टर आणून लावण्यापेक्षा ते रिकामं राहिलेलं केव्हाही बरं.

८ पिनच्या दोन केबल आल्या आहेत. कुठली प्रोसेसरची आणि कुठली ग्राफिक्स कार्डची?

या एका प्रश्नाला वेळ द्या, कारण बोर्ड जाळायची सगळ्यात सोपी वाट इथून जाते.

प्रोसेसरचा प्लग मधोमध चिरला जातो: ४ आणि ४. ग्राफिक्स कार्डचा प्लग ६ आणि २ असा सुटतो. बहुतेक कंपन्या प्लगवर बारीक अक्षरांत सीपीयू (प्रोसेसरचा) किंवा पीसीआयई (ग्राफिक्स कार्डचा) असं लिहितात, पण काळ्यावर काळी अक्षरं असतात, ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत. मोबाईलचा टॉर्च मारा. रंगीत वायरींचा जुना एसएमपीएस असेल तर काम आणखी सोपं: प्रोसेसरच्या प्लगला चार पिवळ्या एका रांगेत आणि चार काळ्या दुसऱ्या रांगेत. ग्राफिक्सच्या प्लगला पिवळ्या तीनच, बाकी पाच काळ्या.

मुख्य म्हणजे खटक्याच्या बाजूने पाहिलं तर पिवळ्या-काळ्यांच्या जागा दोन्ही प्लगमध्ये उलट आहेत. म्हणजे एकाच्या जागी दुसरा बसवला तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडवर. तसं होऊ नये म्हणून पिनांची घरं वेगळ्या आकाराची केली आहेत, काही चौकोनी, काही कोपरे कापलेली. पण ते प्लॅस्टिक आहे, अंगठ्याने जोर लावला की दबतं. नशीब असेल तर एसएमपीएसचं शॉर्टसर्किट संरक्षण वेळेवर काम करतं आणि पीसी नुसता चालू होत नाही. प्लग सहज बसत नसेल तर थांबा. बरोबर प्लग 'टक' आवाज करून खटका लागतो, त्याला पैलवानी लागत नाही.

मॉड्युलर (सुट्या केबलचा) एसएमपीएस बदलला. जुन्याच केबल राहू दिल्या तर?

नको. बोर्डाच्या बाजूचं टोक मानकाप्रमाणे असतं, पण एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला कुठलंच मानक नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मनाने पिना लावते, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक असू शकतो. प्लग बसतो, अगदी व्यवस्थित बसतो, आणि हार्डडिस्कला ५ व्होल्टच्या जागी १२ जातात. मग बारा वर्षांचे फोटो, मुंजीच्या व्हिडिओसकट, जातात. एसएमपीएस बदलताना कॅबिनेटच्या पाठीमागून केबल ओवायचा कंटाळा येतो हे खरं, तरीही सगळ्या केबल बदला. जुन्या केबल त्यांच्या एसएमपीएसच्या खोक्यात घाला आणि खोक्यावर मॉडेल नंबर लिहा. सेकंडहँड मॉड्युलर एसएमपीएस केबलशिवाय स्वस्तात मिळत असेल तर तो तेवढ्यासाठीच स्वस्त आहे.

नेमके किती वॅट लागतील?

मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, दोन-तीन पंखे यांना मिळून ५०-६० वॅट धरा. बाकी सगळा खेळ प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा.

एक नेहमीचं उदाहरण. आय५-१२४०० पूर्ण जोरात ११७ वॅट, आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट, बाकी ६०. बेरीज २९२. यावर कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या वर उसळी मारतं, शिवाय एसएमपीएस कायम शंभर टक्क्यांवर राबवायचा नसतो. म्हणून चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा पुरतो आणि ५५० वॅटचा घेतला तर पुढच्या कार्डाची सोय होते. एनव्हिडियाही या कार्डासाठी ५५० वॅटच सांगते, कारण ग्राहक कसला एसएमपीएस लावेल याची त्यांना खात्री नसते.

ग्राफिक्स कार्ड नसेल, म्हणजे टॅली, झूम, मुलांचा अभ्यास एवढंच असेल, तर पूर्ण मशिन १५० वॅटच्या वर क्वचित जातं. तिथे ७५० वॅट विकणारा दुकानदार तुमचं भलं बघत नाहीये.

कार्डाला किती प्लग लागतील हे त्याच्या वॅटवरूनही कळतं. बोर्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या प्लगमधून आणखी ७५, ८ पिनमधून १५०.

कॅबिनेटसोबत ४५० वॅटचा एसएमपीएस फुकट आला आहे. मग वेगळा कशाला घ्यायचा?

स्टिकर नीट वाचा. मोठ्या अक्षरातले ४५० विसरून १२ व्होल्टच्या खालचे अँपिअर शोधा. समजा तिथे १४ लिहिलंय. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघंही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. म्हणजे तुमच्या कामाचा आकडा १६८ आहे. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवलेली असते, आणि कधी कधी बेरीज करूनही ४५० भरत नाहीत. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ३५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो.

हातात उचलूनही फरक कळतो. लोकल एसएमपीएस पाव किलो कांदे घेतल्यासारखा हलका लागतो, कारण आत इनपुट फिल्टरच्या जागी नुसते तारेचे तुकडे टाकलेले असतात आणि हीटसिंक म्हणजे पातळ पत्रा. ऑफिसच्या टायपिंगच्या मशिनला तो वर्षानुवर्षं चालतोही, नाही असं नाही. ग्राफिक्स कार्ड टाकलंत की मात्र त्याला निरोप द्या.

मागच्या बाजूला ११५/२३० लिहिलेला लाल सरकता स्विच असेल तर तो २३० वरच आहे ना, ते वायर लावायच्या आधी बघा. ११५ वर ठेवून आपल्या घरातली वीज दिली तर फटाक्यासारखा आवाज येतो आणि विषय संपतो.

ब्रॉन्झ घेऊ की गोल्ड?

ब्रॉन्झ, गोल्ड या ८० प्लस प्रमाणपत्राच्या पायऱ्या आहेत, आणि हे प्रमाणपत्र वीज किती वाया जाते एवढंच सांगतं. व्होल्टेज किती स्वच्छ आहे, संरक्षण किती चोख आहे, यावर ते बोलत नाही, जरी महाग प्रमाणपत्रवाले एसएमपीएस सहसा आतूनही बरे असतात. पैशांचा हिशेब असा: पीसी ३०० वॅट घेतोय, कार्यक्षमता एकाची ८५ टक्के आणि दुसऱ्याची ९०. भिंतीतून ३५३ विरुद्ध ३३३ वॅट, म्हणजे २० वॅटचा फरक. रोज ५ तास गेम खेळलात तर वर्षाला ३६ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ३६० रुपये. एवढ्यासाठी दोन-तीन हजार जास्त घालायचे का, हे तुम्ही ठरवा. माझं मत: बजेट तंग असेल तर चांगल्या नावाचा ब्रॉन्झ घ्या आणि वॉरंटीची वर्षं बघा. पाच वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी आत रद्दी भरत नाही.

आयटी कंपनीतून निघालेला डेल/एचपी/लेनोव्होचा जुना पीसी घेतलाय. त्यात मोठा एसएमपीएस बसेल का?

हिंजवडी-खराडीकडच्या कंपन्या मशिन बदलतात आणि ती रिफर्बिश होऊन स्वस्तात बाजारात येतात. घरकामासाठी उत्तम. पण मगाशी म्हटलेलं 'बहुतेक' इथेच संपतं. या कंपन्यांच्या ऑफिसच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बोर्डावर २४ पिनचं सॉकेटच नसतं. ६, ८, १० किंवा १४ पिनचं त्यांचं स्वतःचं सॉकेट असतं, एसएमपीएस बव्हंशी फक्त १२ व्होल्ट देतो आणि ५ व्होल्ट बोर्ड स्वतः तयार करतो. हार्डडिस्कची पॉवर केबलसुद्धा बोर्डातूनच निघते. खोका पातळ असेल तर एसएमपीएसचा आकारही वेगळा.

२४ पिनपासून त्या सॉकेटपर्यंत जाणारे अडॅप्टर मिळतात, पण ते नुसत्या कंपनीच्या नावावर घेऊ नका. त्याच कंपनीच्या दोन मॉडेलच्या पिना वेगळ्या असतात, तेव्हा बोर्डाचं मॉडेल जुळवूनच घ्या. त्यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे वेगळी पॉवर केबल न लागणारं, स्लॉटच्या ७५ वॅटमध्ये चालणारं कार्ड घ्यायचं. तेही घेण्याआधी मूळ एसएमपीएस किती वॅटचा आहे ते पाहा, १८० वगैरे असेल तर हिशेब काटेकोर करावा लागेल. आणि मोठं गेमिंग कार्डच टाकायचं असेल तर हे मशिन त्यासाठी नाही, असं ज्याने ते विकत घेतलंय त्याला सांगणं अवघड असतं, पण सांगावं लागतं.

एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा एसएमपीएस जुन्या बोर्डाला चालतो का?

चालतो. बोर्डाकडचे प्लग तेच आहेत. २०२२ मध्ये आलेल्या ३.० चा भर ग्राफिक्स कार्डांच्या क्षणिक उसळ्या झेलण्यावर आणि ६०० वॅटपर्यंत देणाऱ्या १६ पिनच्या नव्या प्लगवर आहे. ३.१ मध्ये त्या प्लगच्या पिनांची लांबी सुधारली, कारण अर्धवट बसलेले प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तुमच्या कार्डाला तो प्लग असेल तर शेवटपर्यंत आत ढकला आणि अगदी तोंडाशी केबल वाकवू नका. १० पिनचा, फक्त १२ व्होल्ट देणारा एटीएक्स१२व्हीओ हा प्रकार मात्र वेगळा आहे, तो साध्या बोर्डाला थेट लागत नाही.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएस खराब आहे?

बहुधा नाही, भिंत खराब आहे. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि जुन्या सोसायट्यांतही हा प्रकार नेहमी दिसतो: भिंतीवरच्या बोर्डावर तीन भोकांचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे दोन छोटे कपॅसिटर असतात, ते विजेतला गोंगाट अर्थिंगकडे पाठवतात. अर्थिंगच नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर सुमारे ११५ व्होल्ट दिसतात. प्रवाह अगदी किरकोळ असतो म्हणून झटका बसत नाही, नुसत्या मुंग्या येतात. गंमत म्हणजे फुकटातल्या एसएमपीएसमध्ये हे कपॅसिटर गाळलेले असले तर मुंग्या येत नाहीत, आणि लोकांना वाटतं तोच चांगला. आतलं इन्सुलेशन फुटलं तर अर्थिंगशिवाय काहीच वाचवणार नाही, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थची पिन कापलेला किंवा दोन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो आजच फेका.

यूपीएस किती मोठा घ्यायचा? घरच्या इन्व्हर्टरवर चालवलं तर?

पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या देखभालीचा वार, आणि पावसाळ्यात तर वार बघावा लागत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. ऑफिसच्या मशिनला मॉनिटरसकट पुरतो. ग्राफिक्स कार्डवाल्याने १ केव्हीएच्या (१००० व्हीए) खाली जाऊ नये. हे यूपीएस लाइट गेल्यावर मशिन बंद करायला पाच-दहा मिनिटं देतात, गेम पूर्ण करायला नाही.

इन्व्हर्टरचं उत्तर दोन भागांत आहे. एक, लाइट जाण्या-येण्याच्या मधल्या क्षणात एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर त्याहून हळू बदलला तर पीसी रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरला यूपीएस मोड असेल तर तो चालू करा. दोन, स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असलेले चांगले एसएमपीएस कुरकुर करतात, कधी आवाज करतात, कधी बंद पडतात. प्युअर साइन वेव्ह असेल तर हा त्रास नाही.

सगळं जोडलं, बटण दाबलं, काहीच झालं नाही. आता?

आधी एसएमपीएसच्या मागचं बटण. हसू नका. मग बोर्डावरचा दिवा: लागत नसेल तर वायर, सॉकेट किंवा एसएमपीएस. लागत असेल तर प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा प्लग लावलाय का ते बघा, तो विसरणं फार सोपं. त्यानंतर कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर बरोबर पिनांवर आहे का.

एवढ्यावर भागलं नाही तर एसएमपीएस एकटा तपासा. बोर्ड, कार्ड, डिस्क सगळ्यांच्या केबल काढा. वीज बंद ठेवून २४ पिनच्या प्लगमधली हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी वायर यांच्यात सरळ केलेली यू-पिन घाला, मग मागचं बटण चालू करा. पंखा फिरला तर तो निदान जिवंत आहे. काही मॉडेलमध्ये कमी लोडवर पंखा मुद्दाम बंद असतो, तेव्हा मल्टिमीटर घ्या: पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. बिनलोडवर बरोबर आकडे दाखवून लोडवर ढेपाळणारे एसएमपीएस असतात, त्यामुळे शेवटची परीक्षा म्हणजे मित्राचा चालू एसएमपीएस लावून बघणं.

केबल बोर्डापर्यंत पोचतच नाही!

हल्लीच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाला असतो आणि प्रोसेसरचं सॉकेट वरच्या डाव्या कोपऱ्यात. पाठीमागून फिरवून आणायला ६०-६५ सेंटिमीटर केबल हवी, स्वस्त मॉडेलची ४०-४५ मध्येच संपते. एक्स्टेन्शन मिळते, ती सीपीयूचीच घ्या. छोट्या कॅबिनेटला एसएफएक्स, म्हणजे लहान आकाराचा एसएमपीएस लागतो, त्याचा पुढचा पत्रा १२५ बाय ६३.५ मिलिमीटर. नेहमीचा एटीएक्स १५० बाय ८६.

पुण्यात कुठे घ्यावा?

बुधवार पेठेत तापकीर गल्लीत आणि आजूबाजूला वायर, प्लग, मल्टिमीटर, टेस्टर सगळं मिळतं. गाडी लांब लावा आणि चालत जा. एसएमपीएस तिथून घ्या, ओळखीच्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन, पण जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे की पार्सल मुंबईला पाठवावं लागेल, हे पैसे देण्याआधी विचारा. 'आपण बघून घेऊ ना साहेब' हे उत्तर वॉरंटीत मोजलं जात नाही.

धूळ खूप झाली आहे. एसएमपीएस उघडून साफ करू का?

उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. वायर काढा, एसएमपीएस गॅलरीत न्या आणि जाळीतून ब्लोअर मारा. मारताना पंख्याच्या पात्यात आइस्क्रीमची काडी अडकवून ठेवा, नाहीतर हवेने तो भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. सुरू करण्याआधी काडी काढा.